किटच्या बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्सची भर : पाच घाण्यांची नोंद

घरी बिअर करण्याच्या तयार किटचा पहिला घाणा (एका वेळी केलेली बिअर) तुलनेला आधार असावा म्हणून मी डब्यावरील सूचनांबरहुकूम केला. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) घातलेल्या माल्ट अर्काचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या दाट पाकाचा) १.७ किलोचा डबा, एक किलो साखर आणि पाणी घालून एकूण २३ लिटर. आरंभीचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता, जी शर्करेने वाढते आणि किण्वनात उतरते) १.०३९ आणि अखेरचे १.००६ आले, म्हणजे मद्यार्क सुमारे ४.३ टक्के. दोष असा काही नव्हता, परंतु घोट गिळल्यावर जिभेवर काहीच उरत नव्हते. साखर यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकते आणि मागे केवळ मद्यार्क ठेवते, तर माल्टमधील लांब साखळीच्या शर्करा यीस्टला पचत नाहीत आणि त्याच बिअरला भरीवपणा देतात, हे वाचून ठाऊक होते. चवीने ते या घाण्यात पटले.

दुसऱ्या घाण्यात साखरेऐवजी तितकीच सुकी माल्ट पावडर घेतली आणि पाणी २१ लिटरवर थांबवले. आरंभीचे वाचन १.०३१ आल्याने क्षणभर घाबरलो. प्रत्यक्षात वरून ओतलेले पाणी दाट द्रावणावर तरंगत राहिले होते आणि मी नमुना वरच्या थरातून घेतला होता. नीट ढवळल्यावर १.०४२ मिळाले. अर्क वापरणाऱ्यांनी अशा वेळी हायड्रोमीटरपेक्षा (गुरुत्व मोजणाऱ्या उपकरणापेक्षा) हिशेबावर विश्वास ठेवावा असे माझे मत झाले आहे, कारण डब्यातून किती अर्क उतरतो हे ठरलेले असते. अखेरचे गुरुत्व १.०१२ आले. आरंभ वरचा असूनही मद्यार्क ३.९ टक्क्यांवर आला, आणि तरीही बिअर पहिलीपेक्षा कितीतरी भरदार लागली. मात्र ती गोडसर झाली. डब्यातील कडवटपणा तेवढाच होता, उलट पाणी कमी केल्यामुळे किंचित वाढलेलाच होता, पण माल्टच्या गोडीपुढे तो दबून गेला. साखर काढून माल्ट घालणे हे म्हणूनच अर्धे काम आहे, त्याच्या मागोमाग हॉप्स आलेच पाहिजेत, हा या सर्व नोंदींतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा.

तिसऱ्या घाण्यात तेच केले. दळलेले २५० ग्रॅम क्रिस्टल माल्ट मलमलीच्या पिशवीत बांधून तीन लिटर पाण्यात ६८ अंश सेल्सिअसला अर्धा तास भिजवले. या माल्टमधील पिष्टाचे शर्करेत रूपांतर दाण्यातच झालेले असल्याने त्याला वेगळ्या मॅशिंगची (गरम पाण्यात ठेवून पिष्टाची शर्करा करून घेण्याची) गरज नसते. पाणी मात्र ७७ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर सालीतला तुरटपणा उतरतो. त्याच पाण्यात २५० ग्रॅम माल्ट पावडर विरघळवली, कारण साधारण १.०४० गुरुत्वाच्या पातळ द्रावणात हॉप्सचा कडवटपणा चांगला उतरतो, दाट द्रावणात कमी. मग ६ टक्के अल्फा आम्ल (हॉप्समधील कडवटपणाचे मूळ द्रव्य) असलेले कॅस्केड जातीचे २० ग्रॅम हॉप्स पंधरा मिनिटे उकळले आणि आणखी २० ग्रॅम आच बंद करताना टाकले. उकळीने अल्फा आम्लांचे रूप बदलून ती कडू होतात, तर सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. तेव्हा पहिली मात्रा कडवटपणासाठी आणि दुसरी वासासाठी. कडवटपणाचा अंदाज देणाऱ्या टिनसेथच्या सूत्राने पहिल्या मात्रेची भर सुमारे ७ आयबीयू (बिअरच्या कडवटपणाचे एकक) येते. आकडा लहान दिसतो, पण समतोल साधायला तेवढा पुरला. डब्यातील अर्क आणि उरलेली पावडर मी उकळी संपल्यावरच मिसळली. अर्क कारखान्यात आधीच उकळलेला असतो. तो पुन्हा उकळला तर रंग गडद होतो आणि त्यातला उरलासुरला वासही जातो.

चौथा घाणा माझ्या अतिउत्साहाचा. कृती तिसऱ्याचीच, त्यात किण्वन थांबल्यावर दहाव्या दिवशी १.०१३ वाचनाला ५० ग्रॅम हॉप्सच्या गोळ्या थेट भांड्यात टाकल्या. चार दिवसांनी, पुन्हा मोजमाप न करता, फेसासाठी लिटरला ६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. वास अप्रतिम आला. तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडताच निम्मी बिअर फेसाच्या रूपाने मोरीत गेली. आंबट वास किंवा चव नसल्याने जंतुसंसर्गाची शक्यता कमी वाटली. वायू पूर्ण काढून मोजले तेव्हा गुरुत्व १.००९ होते. कोरड्या हॉप्समध्ये विकरे (एन्झाइम) असतात, जी उकळीत नष्ट होतात, परंतु थंड बिअरमध्ये टाकल्यास शाबूत राहतात आणि यीस्टला न पचणाऱ्या शर्करा तोडून पचण्याजोग्या करतात. यीस्ट पुन्हा कामाला लागते. ज्या शर्करांसाठी साखर सोडून माल्ट घेतले, त्यांतल्याच काही अशा निसटल्या, आणि त्याही बंद बाटलीत! उरलेल्या बाटल्या फुटण्याचा धोका असल्याने त्या थंड करून, कापडात गुंडाळून एकेक उघडून रिकाम्या केल्या.

पाचवा घाणा सध्या भांड्यात आहे. कृतीत एकच बदल केला, तो यीस्टचा. डब्याच्या झाकणाखालील लहान पुडीऐवजी ११.५ ग्रॅमची एल यीस्टची (एल प्रकारच्या बिअरसाठीच्या यीस्टची) पुडी वापरली आणि तापमान १९ अंशांच्या आसपास राखले. तिसऱ्या घाण्यात जाणवलेला किंचित पिकलेल्या केळ्यासारखा वास यावेळच्या नमुन्यांत नाही. हॉप्स टाकून आज सात दिवस झाले. दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन वाचने सारखी आल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत असे ठरवले आहे. परवा १.०१२ होते, आज १.०११ आहे, बाटल्या अजून धुवायला काढलेल्या नाहीत.