तुम्ही विचारलंत म्हणून: दहावीनंतर मुलीने जिम्नॅस्टिक्समध्ये राहावं का?

मी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते. नववीची परीक्षा संपली की पालक भेटायला येतात आणि विचारतात, "मॅडम, पंधरा-सोळाच्या पुढे या खेळात काही उरतं का? की आत्ताच थांबवू?" मी त्यांना व्हनेसा फेरारीबद्दल सांगते. इटलीतल्या ब्रेशियात, प्रशिक्षक एनरिको कासेल्ला यांच्या हाताखाली घडलेली ही जिम्नॅस्ट.

सुरुवात ऐकून पालकांना आपलंच बरोबर वाटतं. २००६ साली डेन्मार्कच्या आर्हुसमध्ये व्हनेसा ऑल-अराउंड, म्हणजे चारही उपकरणांचे गुण मिळून, जगज्जेती झाली, तेव्हा तिला सोळावं पुरं व्हायचं होतं. इटलीच्या कुठल्याच मुलीला तोवर हे जमलं नव्हतं. विशेष म्हणजे बीमवरून, म्हणजे अरुंद तुळईवरून, पडूनही ती जिंकली. दहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत त्याच वर्षी गेली होती. काठिण्य आणि सफाई वेगळी मोजून बेरीज होऊ लागली होती. अवघड कसरतींनी पडण्याची भरपाई केली. त्यावरून पुष्कळांनी नाकं मुरडली. मला मात्र तो विजय सोळा आणे खरा वाटतो, कारण पडल्यावर फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींना, येऊन तसं खेळायला काळीज लागतं.

ऑलिम्पिकने तिला फार सतावलं. २०१२ मध्ये लंडनला फ्लोअरच्या अंतिम फेरीत तिचे आणि रशियाच्या आलिया मुस्ताफिनाचे गुण अगदी सारखे, १४.९००. बरोबरी झाली की सफाईचे गुण पाहतात. ते मुस्ताफिनाचे जास्त होते, म्हणून कांस्य तिला आणि चौथा क्रमांक व्हनेसाला. २०१६ मध्ये रिओला पुन्हा फ्लोअर, पुन्हा चौथी. त्याच रिओत व्हॉल्टवर (धावत येऊन उडी मारायच्या उपकरणावर) आपली दीपा कर्माकर चौथी आली होती, त्यामुळे तो क्रमांक किती लागतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या जागतिक स्पर्धेत, फ्लोअरच्याच अंतिम फेरीत, तिचा अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटला. वय सव्वीस.

इथवर आलं की पालक म्हणतात, "बघा, वेळीच सोडायला हवं होतं." मला हे मुळीच पटत नाही. लंडन ते रिओच्या मधली वर्षं त्यात गळून जातात. २०१३ मध्ये अँटवर्पला जागतिक स्पर्धेत फ्लोअरवर तिने रौप्य मिळवलं, पुढे फक्त सिमोन बाइल्स. २०१४ मध्ये सोफियात ती युरोपची फ्लोअर विजेती ठरली, रोमानियाच्या लारिसा योर्दाकेसोबत. चारही उपकरणांची विजेती हळूहळू एका उपकरणाची झाली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. सरावातले लँडिंग मोजून मापून ठेवायचे, अंगात आहे ते एका ठिकाणी ओतायचं. आपल्याकडे मुलीला सगळं येत नाही म्हटलं की तिला काहीच येत नाही असं धरतात.

टोकियो ऑलिम्पिकची जागा मिळवायला तिला विश्वचषक मालिकेत आपल्याच देशाच्या लारा मोरीशी २०२१ च्या जूनमधल्या दोहापर्यंत झुंजावं लागलं. मग २ ऑगस्ट २०२१ ला, वयाच्या तिसाव्या वर्षी, चौथ्या ऑलिम्पिकमध्ये तिने फ्लोअरवर १४.२०० गुण घेतले. सुवर्ण अमेरिकेच्या जेड कॅरीला, रौप्य व्हनेसाला. कांस्य विभागून घेणाऱ्या दोघींचे १४.१६६, त्यांचे सफाईचे गुणही सारखेच होते. कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये इटलीच्या महिलेचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याआधी होतं ते १९२८ चं, ॲमस्टरडॅममधलं सांघिक रौप्य, आणि त्या संघात लुइजिना जावोत्ती अकरा वर्षांची होती!

२०२४ मध्ये पॅरिसला दुखापतीमुळे व्हनेसा जाऊ शकली नाही. इटलीच्या मुलींनी तिथे सांघिक रौप्य मिळवलं, ९६ वर्षांनी. पाचपैकी चौघी ब्रेशियात कासेल्लांकडेच तयार झालेल्या. त्या शाळकरी वयात सराव करत होत्या, तेव्हा त्याच हॉलमध्ये एक तिशीला आलेली बाई शिवलेल्या टाचेवर पुन्हा उड्या शिकत होती.