सर, घेतल्याबिगर होते का?

हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी येतो. शब्द बदलतात. कुणी 'सप्लिमेंट' म्हणतं, कुणी 'कोर्स', कुणी आवाज खाली आणून नुसतंच 'ते'. अर्थ एकच: औषध घेतल्याशिवाय पदक मिळतं का? मी नागपुरात मुलामुलींना बॉक्सिंग शिकवतो. 2021 साली आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून मुलींचे आईबापही बरेच येतात, आणि आता तेही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी जरा सविस्तर सांगतो, कारण मैदानाच्या कडेला उभ्या-उभ्या दिलेलं उत्तर अपुरं राहतं.

शेवटचं विचारणारे गृहस्थ मे महिन्यात आले होते. संध्याकाळचे साडेसहा वाजले तरी जमीन तापलेलीच होती, पोरं पाण्याच्या कॅनभोवती जमली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं, स्कूटरच्या डिक्कीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि म्हणाले, "सर, पोट्टा लय मेहनत करून राहिला, पण दुसऱ्या राउंडमंधी दम तुटते. बाकीचे पोट्टे घेऊनच येतात म्हणतात. खरं सांगा, घेतल्याबिगर होते का?" रुमालात काचेची छोटी बाटली होती. रबरी बुचाला सुईची दोन-तीन भोकं पडलेली.

भोकं पाहिली आणि समजलं की सुरुवात होऊन गेली आहे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं असंच असतं. बाटली घरात आलेली असते, माझ्याकडून हवी असते ती परवानगी.

बाटलीवर नाव होतं मेफेंटरमाईन सल्फेट. हे औषध ऑपरेशन थिएटरमधलं. पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचं ब्लडप्रेशर एकदम खाली आलं तर भूलतज्ज्ञ ते काही मिलिग्रॅम देतात, तेही मॉनिटरवर डोळा ठेवून. जिममध्ये आणि तालमीत त्याला ताकदीचं इंजेक्शन म्हणतात. ताकद त्यात कणभर नाही. ते शरीरातलं नॉरअॅड्रिनलिन हे चेतवणारं रसायन मोकळं सोडतं, हृदय धडधडायला लागतं, आणि थकवा आलेला कळत नाही. पोरगं दोन-दोन तास पॅड मारतं, बाप खूष होतो, रात्री मात्र छताकडे बघत पडून राहतं. काही दिवसांनी तेवढ्यानं भागत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे.

आपल्या गावात या औषधाची मला दुप्पट भीती वाटते, ती उन्हामुळे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा हवेत थकवा ही शरीराची थांब म्हणणारी हाक असते आणि हे औषध नेमकी तीच हाक बंद करतं. 13 जुलै 1967 रोजी टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन हा इंग्लिश सायकलपटू भर उन्हात माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर कोसळून मरण पावला. त्याच्या शरीरात अॅम्फेटामाईन सापडलं होतं. मेफेंटरमाईन त्याच कुळातलं. इथे पोरांना मी हे नाव घेऊन सांगतो, आणि मग उन्हाळ्यातली प्रॅक्टिस पहाटे साडेपाचला का असते हे परत कुणी विचारत नाही.

आता थोडं माझं. मी सतरा वर्षांचा असताना राज्य स्पर्धेला गेलो होतो. आदल्या रात्री वजन एक किलो तीनशे ग्रॅम जास्त. एका सीनियरनं कागदाच्या पुडीतून पांढरी गोळी दिली, 'पाणी काढायची' म्हणून. रात्रभर संडासाच्या वाऱ्या केल्या. सकाळी काट्यावर चारशे ग्रॅम कमीच भरलो, सगळ्यांनी पाठ थोपटली. दुपारी रिंगमध्ये पहिल्याच राउंडला दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की पाय उचलेना. मी दोरावर टेकून मार खात होतो. त्या वेळी याला डोपिंग म्हणतात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ही लघवी वाढवणारी गोळी पोटॅशियम वाहून नेते आणि त्या गडबडीत हृदयाचे ठोके चुकू शकतात, हे मला फार उशिरा कळलं. ती यादीत आहे तीही बारा महिने, फक्त स्पर्धेपुरती नाही. कारण वजन उतरवण्यापलीकडे ती लघवी पातळ करते आणि दुसरं काही घेतलेलं असेल तर ते लपवते. 2003 च्या विश्वचषकातून शेन वॉर्न घरी गेला तो अशाच गोळीपायी. बारीक दिसावं म्हणून आईनं दिली होती, असं त्यानं सांगितलं. एक वर्षाची बंदी टळली नाही.

पॅरिसमध्ये 2024 ला विनेश फोगाट 100 ग्रॅमनं बाद झाली, त्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, तिनं रात्री एक गोळी घेतली असती तर?" विनेशनं रात्रभर घाम गाळला, केस कापले, आणि काटा सांगेल ते सोसलं. मी त्या मुलीला म्हटलं, ती ज्या वाटेनं गेली नाही, त्या वाटेनं मी गेलो होतो, आणि मला पहिला राउंडही उभं राहता आलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: स्पर्धेच्या दहा दिवस आधी वजन दोन किलोहून जास्त असेल, तर पोरगं वरच्या गटात खेळेल. हरलं तरी चालेल. पालक यावर माझ्याशी भांडतात, आणि मी ऐकत नाही.

स्टेरॉईडचं काही होत नाही, असं मी कुणालाही सांगत नाही. ते खोटं आहे आणि पोरांना खोटं लगेच कळतं. स्टॅनोझोलॉल, मेथॅनडायनोन, नँड्रोलोन हे सगळे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचे भाईबंद. स्नायू लवकर भरून येतात, म्हणून आज मोडलेलं पोरगं उद्या परत तेवढंच खपू शकतं. खरा फायदा हाच. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली उंदरांवर दाखवलं की औषध बंद करून फुगलेला स्नायू ओसरल्यावरही त्याच्या पेशींत वाढलेली केंद्रकं तीन महिने टिकून होती, आणि पुन्हा व्यायाम दिल्यावर तो स्नायू इतरांपेक्षा भराभर वाढला. उंदराच्या आयुष्यात तीन महिने म्हणजे मोठा काळ. माणसातही तसंच असेल, तर बंदी भोगून परतलेला खेळाडू पूर्वीइतकाच कोरा असतो असं धरता येणार नाही.

किंमत मात्र तेवढीच खरी. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. हृदयाची भिंत जाड होते. गोळ्या यकृतावर ताण देतात. स्नायू वाढतो त्या वेगानं त्याला हाडाशी बांधणारी कंडरा तयार होत नाही, म्हणून जोर लावला की तीच तुटते. वाढीच्या वयात हाडांची टोकं वेळेआधी बंद होतात, म्हणजे उंची तिथेच थांबते. मुलीचा आवाज एकदा घोगरा झाला तर औषध सोडलं तरी तो परत येत नाही. हे ऐकताना आयांचे चेहरे बदलतात, बापांचे कमी.

आणि पकडलं जाणं? एकदा राष्ट्रीय स्पर्धेत माझ्या सतरा वर्षांच्या पोराला लढत संपताच डोप टेस्टच्या एका माणसानं गाठलं आणि तिथून पुढे त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. वयानं लहान म्हणून मी सोबत. खोलीत सीलबंद पाण्याच्या बाटल्या. हाताला अजून पट्ट्या बांधलेल्या, कपाळावर घामाचं मीठ वाळलेलं. वजन उतरवून आणि तीन राउंड खेळून शरीरात पाणी उरलंच नव्हतं. नव्वद मिलिलिटर लघवी लागते. पहिल्यांदा साठच झाली. ती सील करून ठेवली, आम्ही परत बसलो. जवळजवळ तीन तास. शर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली, आणि अधिकारी समोर उभा राहून बघतोय. पोरगं लाजेनं लाल झालं होतं. बाटल्यांचा संच त्यानंच निवडायचा, ए आणि बी बाटलीत त्यानंच ओतायचं, झाकण त्यानंच आवळायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग फॉर्ममध्ये प्रश्न: गेल्या सात दिवसांत कोणती औषधं घेतली? त्याला आठवलं, मामानं सर्दीची गोळी दिली होती. माझ्या पोटात गोळा आला. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे तेही बंद आहे. सुदैवानं त्याच्याकडे रिकामी पट्टी होती, त्यात नुसतं पॅरासिटामॉल निघालं. तेव्हापासून प्रत्येक पोराच्या बॅगेत एक वही असते. काहीही घेतलं की तारखेसह लिहायचं, अगदी आजीनं दिलेला काढासुद्धा. वजन वाढवायच्या कितीतरी चूर्णांत आणि पावडरींत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलं आहे.

कारण नियम असा आहे, की तुझ्या शरीरात जे सापडेल त्याचा जबाबदार तू. नरसिंग यादव तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, 2015 ला जागतिक कांस्य आणलं, आणि रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर नमुन्यात मेथॅनडायनोन निघालं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं, असं तो म्हणाला. नाडानं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय संस्थेनं त्याला सोडलंही. वाडा अपिलात गेली, आणि रिओत त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. त्या रात्री महाराष्ट्रातल्या कितीतरी तालमींत माणसं हळहळली. मीही. पण पोरांना मी हे सांगताना त्यानं घेतलं की नाही या वादात पडत नाही. तुझी पाण्याची बाटली तूच भर आणि तूच सांभाळ, एवढंच सांगतो.

तर मूळ प्रश्न. घेतल्याशिवाय होतं का? माझ्याकडून आजवर राज्याच्या आणि राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलेली पोरं पोहे, भाकरी, डाळ आणि अंड्यांवर वाढलेली आहेत. म्हणजे होतं. अगदी वर सगळे स्वच्छ आहेत असं मी म्हणणार नाही. 2023 साली भारतात पाच हजारांहून जास्त नमुने तपासले, त्यातले 3.8 टक्के दोषी निघाले, आणि एवढ्या तपासण्या करणाऱ्या देशांत आपलं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. पोलीस भरती, खेळाडूंचा पाच टक्के कोटा, घरची ओढाताण, हे सगळं मी जवळून पाहतो. एका सर्टिफिकेटवर घर उभं राहतं हेही मला ठाऊक आहे. म्हणून या आईबापांवर मी चिडत नाही.

पण धावण्याच्या शर्यतीत कुणी औषध घेतलं तर शेजारच्याचं पदक जातं. आमच्या खेळात ते औषध मुठीत उतरतं आणि समोरच्या पोराच्या डोक्यावर पडतं. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, आत मेंदू हलायचा राहत नाही. पोरांना ब्रॉक लेस्नर कुस्तीच्या शोमधून पाठ असतो, म्हणून मी त्याचंच सांगतो. जुलै 2016 मध्ये यूएफसी 200 या मिश्र मार्शल आर्टच्या लढतींत त्यानं मार्क हंटला हरवलं. लढतीआधी घेतलेल्या नमुन्यात क्लोमिफीन निघालं. हे स्त्रियांच्या वंध्यत्वावरचं औषध, स्टेरॉईडचा कोर्स झाल्यावर पुरुष ते स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत चालू करायला घेतात. पण अहवाल आला तो लढत होऊन गेल्यावर. लेस्नरला बंदी आणि अडीच लाख डॉलरचा दंड झाला, विजय रद्द करून 'निकाल नाही' असं लिहिलं गेलं. हंटनं जमिनीवर पडून खाल्लेले ठोसे मात्र कुठल्या कागदावरून खोडता आले नाहीत.

मी हे बोलत होतो तेव्हा त्या गृहस्थांचा मुलगा रिंगमध्ये स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत करत होता. समोर त्याच्याच वर्गातला मित्र, अंगानं लहान. मी त्यांना म्हटलं, "तो बघा. दोन महिन्यांपासून तुमच्या पोराबरोबर रोज तोच उभा राहतो." ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. मी दुसऱ्या दिवशी मुलाला डॉक्टरकडे पाठवलं, ईसीजी काढायला लावला, आणि आठवडाभर स्पॅरिंग बंद ठेवलं.

आठवड्यानं ते परत आले. म्हणाले, "झोपते आता रात्री." मग खिशातून पेन काढलं, विजेच्या बिलाची मागची बाजू समोर धरली. "सकाळी काय काय द्यायचं, थे सांगा जी. अंडे किती?"

"चार," मी म्हटलं. "लिहा."