वहीत २.५९, स्क्रीनवर १.४७

दोन भरण-यंत्रांच्या पाकिटांचं सरासरी वजन सारखं आहे का, एवढंच तपासायचं होतं. जुन्या यंत्राची २० पाकिटं: सरासरी ५०० ग्रॅम, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती विखुरली आहेत त्याचं माप) २. नव्याची फक्त ५: सरासरी ५०४, प्रमाण विचलन ६. सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे म्हणण्याचा पत्करलेला धोका) ५ टक्के, चाचणी दोन्ही बाजूंची, म्हणजे नव्याची सरासरी जास्त असो वा कमी.

कागदावर दोन्ही गटांचा एकत्रित व्हेरिअन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) काढला: (४×३६ + १९×४) ÷ २३ = ९.५६५. त्याला (१/५ + १/२०) ने गुणून वर्गमूळ घेतल्यावर प्रमाण त्रुटी १.५४६ आली आणि टी, म्हणजे सरासरींतला फरक भागिले ही त्रुटी, २.५९. तक्त्यात २३ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (मुक्त माहितीचं माप; इथे ५ + २० − २) सीमा २.०६९. टी सीमेपलीकडे, म्हणून शून्य परिकल्पना ('सरासरी सारखीच आहे') नाकारली.

मग पडताळणीसाठी तीच वजनं 'आर' या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. टी १.४७, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा किंवा मोठा टी येण्याची शक्यता) ०.२१, म्हणजे ५ टक्क्यांहून बरीच जास्त. निकालच उलटा!

आधी संशय स्वतःच्या हातावर. विचलन काढताना भाजक ५ घेतला की ४? ४च होता. एकबाजू-दोनबाजूचा घोळ म्हणावा, तर त्यात फक्त पी निम्मं किंवा दुप्पट होतं, टी हलत नाही. इथे टीच वेगळा आणि सरासरींतला फरक दोन्हीकडे ४. म्हणजे गडबड प्रमाण त्रुटीत. तेव्हा कुठे आउटपुटचं शीर्षक नीट वाचलं: वेल्च, म्हणजे दोन गटांचे व्हेरिअन्स समान न धरणारी टी-चाचणी. 'आर'चं टी-टेस्ट फंक्शन वेगळं सांगितलं नाही तर वेल्चचीच चाचणी करतं. व्हेरिअन्स समान धरायचा असेल तर तसं लिहावं लागतं. लिहिलं, आणि २.५९ मिळालं.

मग वेल्चही हाताने केली. ३६/५ + ४/२० = ७.४, वर्गमूळ २.७२. डिग्रीज ऑफ फ्रीडम २३ वरून घसरून ४.२२. (एक्सेलचं डेटा ॲनालिसिस हा आकडा पूर्णांकात आणतं, त्यामुळे तिथलं पी किंचित वेगळं दिसतं.) इथे चूक माझ्या समान व्हेरिअन्सच्या गृहीतकाची होती. एकत्रीकरणात २० पाकिटांच्या शांत आकड्यांना १९चं वजन मिळालं, नव्या यंत्राच्या चढउताराला जेमतेम ४चं, आणि त्रुटी खोटी लहान झाली. मोठा गट जास्त विखुरलेला असता, तर उलट झालं असतं.

पाच वजनं समोर मांडली: ४९८, ५०२, ५०२, ५०४, ५१४. शेवटचं वगळलं तर सरासरी ५०१.५ वर येते. पण कारणाशिवाय वजन वगळता येत नाही. नव्या यंत्राची आणखी १५ पाकिटं तोलायला सांगितली.