चाक फिरलं की स्लाइसच बदलली पाहिजे

आज इंदूरच्या एका सीटी सेंटरमध्ये नवा व्ह्यूअर, म्हणजे स्कॅनची चित्रं बघायचं सॉफ्टवेअर, तपासला. दिसायला देखणा, पण माउसचं चाक फिरवलं की चित्र झूम! नकाशावर ते ठीक. इथे चाक म्हणजे पुढची स्लाइस, शरीराच्या पुढच्या छेदाचं चित्र; तीनशे-चारशे स्लाइस बघणाऱ्याचं बोट आपोआप तिथेच जातं.

खरी मेख विंडोइंगमध्ये, म्हणजे कुठल्या पातळ्या करड्या छटांत दाखवायच्या ते ठरवण्यात. सीटीत पाणी 0, हवा उणे 1000 हाउन्सफील्ड (क्ष-किरण किती अडतात त्याचं माप). पातळ्या हजारो आणि साध्या पडद्यावर करड्या छटा फक्त 256. म्हणून पातळ्यांचा एक पट्टाच निवडायचा: मेंदूसाठी रुंदी 80, मध्य 40; फुप्फुसासाठी साधारण 1500 आणि उणे 600. हे प्रीसेट (तयार सेटिंग) तीन क्लिक आत दडवले होते. अहो, एकेका बटणावर द्या की! माउस ओढण्याचा वेगही चालू रुंदीच्या प्रमाणात हवा. तो सगळीकडे सारखाच ठेवला तर मेंदूचं चित्र जरा हात हलताच पांढरंफटक होतं आणि फुप्फुसाला मनगट दुखेपर्यंत ओढत बसावं लागतं.

मोजपट्टी एकदा वापरली की आपोआप सुटावी, नाहीतर पुढच्या प्रत्येक क्लिकला नवी रेघ.

एक्स-रेवरचे मिलिमीटर तर जपूनच दाखवा. डिटेक्टरपासून अवयव जितका लांब, तितकी सावली मोठी. कॅलिब्रेशन (खऱ्या मापाशी जुळवणी) नसेल तर तसं आकड्याशेजारीच लिहा.

आणि चित्र आडवं उलटवलं तर कडेची आर-एल (उजवं-डावं) अक्षरंही त्याच क्षणी बदलली पाहिजेत. इथे ती जागची हलली नाहीत. डावं फुप्फुस सरळ उजवं!