घरकुल मंजूर, पण बांधायचं कुठं?

आमच्या शहापूर तालुक्यात गरिबाचं घर सिमेंट-सळईच्या भावामुळे अडतं असं बाहेरच्यांना वाटतं. भाव वाढलेत, ते खरंच आहे. पण ग्रामपंचायत सदस्य म्हणून माझ्याकडे जी माणसं येतात, त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो. "ताई, घरकुलाच्या यादीत नाव आलंय, पण बांधू कुठं?"

आमचं गाव वासिंद स्टेशनपासून रिक्षाने वीसेक मिनिटांवर. कसारा लोकल धरली की ठाणं, कल्याण जवळच. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि एजंटांच्या गाड्या अगदी पाड्यापर्यंत यायला लागल्या. माळरानावर तारेची कुंपणं पडली. फार्महाऊस, बंगलो प्लॉट, गेटला कुलूप, आत राखणदार. गुंठ्याचा भाव आता लाखांतच बोलला जातो. मुंबईच्या माणसाला तो परवडतो. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये माल चढवणाऱ्या आमच्या पोराला कुठून परवडणार?

आता सरकारी आकडा बघा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात घराला १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून नव्वदेक दिवसांची मजुरी. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. एवढ्यात घर पूर्ण होत नाही, पदरचे घालावेच लागतात. तरी माणसं ते जमवतात. बायका बचत गटातून कर्ज काढतात, मामा-काका येऊन जोत्याचं काम करून देतात. पण सुरुवातीलाच जागेचा फोटो जिओटॅग करावा लागतो, म्हणजे नेमकं ठिकाण नोंदवून काढावा लागतो. जागाच नसेल तर फोटो कशाचा काढणार?

माझ्या वॉर्डातलं एक घर सांगते. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, जमीन शेणाने सारवलेली. तीन भाऊ, तिघांची लग्नं झालेली, रेशनकार्डं वेगळी, चुली वेगळ्या. मधल्या भावाचा संसार पडवीत. साडीचा पडदा, त्यामागे कॉट, कॉटखाली तांदळाचे डबे. पावसाळ्यात पश्चिमेकडून झड येते म्हणून मेणकापड बांधतात. वहिनी मला पडदा सारून दाखवत होत्या आणि म्हणत होत्या, "मुलगी दहावीला आहे, ती अभ्यास कुठं करणार?" यादीत मधल्याचं नाव आहे. नमुना ८, म्हणजे पंचायतीच्या दप्तरातली घराची नोंद, मात्र अजून आजोबांच्या नावावर. नोंद बदलायची तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, लग्न होऊन गेलेल्या आत्यांच्यासुद्धा. आत्या द्यायला तयार आहेत, त्यांना एका दिवशी एका टेबलासमोर आणणं हेच मोठं काम आहे. आणि सह्या झाल्या तरी तेवढ्या जागेत तीन घरकुलं बसत नाहीत.

मग जागा विकत घ्यावी? त्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. आधी ५० हजार मिळायचे, आता १ लाखापर्यंत मिळतात, ५०० चौरस फुटांसाठी. रस्त्यालगत या पैशात कोणी द्यायला तयार होत नाही. शिवाय जमिनीचे फार छोटे तुकडे पाडायला बंदी घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे इतका छोटा तुकडा खरेदीखताने घेता यायचा नाही. २०२४ च्या नियमांनी ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला हजार चौरस फुटांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने मोकळीक दिली. ही फार चांगली गोष्ट झाली, पण गावात कितीजणांना ती माहीत आहे? मी प्रत्येक ग्रामसभेत सांगते.

गायरानाचं विचारतात. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते सहजासहजी मिळत नाही, आणि गुरं चारणाऱ्यांचं म्हणणंही मला पटतं. कातकरी वाडीचा प्रश्न त्याहून अवघड. पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण झोपड्यांखालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याची. तो मालक उद्या विकायला निघाला तर वाडी कुठं जाईल, या विचाराने मला खरोखर झोप लागत नाही.

माझ्या मते उपाय एकच आहे, गावठाण, म्हणजे गावातली घरांसाठीची जमीन, वाढवायचं. गावाला लागून सरकारी जमीन असेल तर ती, नसेल तर पंचायतीने पुढाकार घेऊन खाजगी जमीन. माणसं तिप्पट झाली आणि गावठाणाची हद्द मात्र जुन्या नकाशातलीच, हे किती दिवस चालवायचं? आम्ही ठराव केलाय, तलाठ्यांकडून गट नंबरांची यादी मागितली आहे. पुढच्या ग्रामसभेत मोजणीचा खर्च पंचायतीच्या निधीतून करायचा विषय मी मांडणार आहे. ज्या गावांनी गावठाण विस्तार पूर्ण करून घेतला असेल, तिथल्या सदस्यांनी प्रस्तावासोबत कोणते कागद जोडले ते मला जरूर कळवा. आणि आमच्याच गावात जमीन विकायला काढलेल्यांनो, एजंटाला हो म्हणण्याआधी एकदा पंचायतीत या. रस्त्याकडेचे दोन-चार गुंठे घरकुलांसाठी सोडता येतील का, ते बसून बोलू.