नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली?

डेटा-गोपनीयतेवर काम करणाऱ्या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांचं काम समजून घ्यायचं तर 1997 पासून सुरुवात करावी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य-नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. स्वीनींनी 20 डॉलरला त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली आणि तिच्यातली जन्मतारीख, लिंग, झिप कोड (तिथला पिनकोड) त्या नोंदींशी जुळवले. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण, त्यांत पुरुष तीन, त्यांच्या झिप कोडचा एकच! म्हणजे नाव नसूनही त्यांची आरोग्य-नोंद ओळखता आली.

पुढे स्वीनींनी मांडलेली के-अ‍ॅनॉनिमिटी, म्हणजे माणसाला गर्दीत लपवायची पद्धत, सोपी आहे: तारखेऐवजी वर्ष ठेवा, झिप कोडचे शेवटचे आकडे झाका, अशा तपशिलांची प्रत्येक जुळणी किमान ‘के’ (आपण ठरवलेला आकडा) इतक्या ओळींत सापडली पाहिजे. पण त्या सगळ्या ओळींत आजार एकच असेल, तर माणूस न शोधताही गुपित फुटतं. त्यामुळे आजाराच्या रकान्यातलं वैविध्यही तपासायलाच हवं.