माल भरायच्या आधी गिऱ्हाईक शोधलं: माझा अनुभव

संक्रांतीच्या वाणासाठी खणाचे पाऊच ऑनलाइन विकायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांचा सल्ला एकच, मुंबईच्या मंगलदास कापड मार्केटला जा आणि एकदम माल उचल, स्वस्त पडतो. पडतोच, पण वाणाच्या धंद्याला तारीख असते. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, आणि रथसप्तमी २०२४ मध्ये होती १६ फेब्रुवारीला, २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला आणि २०२६ मध्ये थेट २५ जानेवारीला, म्हणजे महिन्याचा सीझन दीड आठवड्यावर आला. त्यानंतर उरलेला माल वर्षभर माळ्यावर, आणि आमच्या परळच्या वन रूम किचनमध्ये माळा आधीच भरलेला. म्हणून म्हटलं, आधी बघू पैसे कोण देतंय, कापड मग घेऊ.

खण मीटरच्या भावाने थोडासाच आणला, तीन रंगांत. लालबागला एक काकू शिवण करतात त्यांच्याकडून नमुन्याचे पाऊच शिवून घेतले, सकाळच्या उजेडात खिडकीशी पाटावर मांडून फोटो काढले, बाजूला कोयरी आणि तिळगूळ. मग इन्स्टाला पेज आणि व्हॉट्सअॅप बिझनेसवर कॅटलॉग.

फॅमिली ग्रुपवर लगेच "किती गोड गं" सुरू झालं, बरं वाटलं, पण ते मी मागणीत धरलंच नाही. आपल्या माणसांना आपलं कौतुक असतं, त्यांच्यावर माल भरता येत नाही. अनोळखी बायकांपर्यंत जायला इन्स्टावर रोजच्या थोड्या पैशांची जाहिरात लावली, फक्त दादर, पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, आणि बटण दाबलं की सरळ व्हॉट्सअॅप उघडेल अशी. किंमत फोटोवरच लिहिली, नाहीतर नुसतं "प्राइस प्लीज" येतं आणि माणूस गायब.

पहिले काही दिवस ९० रुपये लावले, मग तोच फोटो, ७५. आणि इथे खरी गंमत कळली. ९० ला विचारणाऱ्या पाच-सहा नग मागत होत्या, ७५ ला डायरेक्ट एकवीस, पंचवीस. कारण वाण घेणारी बाई एका नगाची किंमत बघतच नाही, ती येणाऱ्या बायका मोजते. पंचवीस नग ९० ने २२५० होतात आणि ७५ ने १८७५, म्हणजे दोन हजाराच्या आत बसलं. हे मला कुठल्याही घाऊक दुकानदाराने सांगितलं नसतं.

विचारणाऱ्या प्रत्येकीला एकच मेसेज: पाऊच अजून शिवलेले नाहीत, ऑर्डर आल्यावर शिवणार, संक्रांतीच्या आधी पोचतील, अर्धे पैसे यूपीआयने आधी, आणि पुरेशा ऑर्डर नाही आल्या तर सगळे पैसे परत. हे स्पष्ट सांगायलाच हवं, लोकांचे पैसे आहेत ते, आणि काम पक्कं होईपर्यंत मी त्यांना हातही लावला नाही. क्यूआर पाठवला की निम्म्याहून जास्त जणी गप्प होतात. मला तेच तर बघायचं होतं.

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलं, "मोबाइल मावेल का? माझा मोठा आहे." मी घरातला सगळ्यात मोठा फोन घालून बघितला, आत गेला, पण चेन कोपऱ्याला अडकायची. काकूंना सांगून रुंदी अर्धा इंच वाढवली, आणि मग फोन आत ठेवलेलाच फोटो जाहिरातीत टाकला. काकूंचा अंदाज होता लाल-हिरवाच खपेल, पण अॅडव्हान्स सगळ्यात जास्त आला चिंतामणी रंगाला. हजार नगांचं कापड आधीच घेतलं असतं तर दोन्ही गोष्टी हातातून गेल्या असत्या.

डिलिव्हरी फक्त महाराष्ट्रात ठेवली, कारण दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर सहसा जीएसटी नोंदणी लागते, आणि राज्यातल्या राज्यात मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत लागत नाही. चाचणीच्या टप्प्यावर तो व्याप कशाला. कॅश ऑन डिलिव्हरी पण नाही दिली, पार्सल परत आलं तर दोन्ही बाजूंचं कुरिअर आपल्या अंगावर.

अॅडव्हान्स आलेल्या नगांचा आकडा काकू एका खेपेला शिवतात तेवढा झाल्यावर मंगलदासला जाऊन कापड आणलं, आलेल्या ऑर्डरच्या रंगांच्या हिशोबात आणि वर थोडंसं जास्त. आता चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी तेच पाऊच चालतील का म्हणून जाहिरात परत लावलीय. विचारणा भरपूर, पण पैसे अजून फार जणींनी पाठवलेले नाहीत, त्यामुळे कापड घ्यायला गेलेली नाही.